मोठे चोणक सगळे मादीच कसे?

प्रश्न : आमच्या मानशीत (भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारात) सापडणाऱ्या २-३ किलोच्या चोणकात (जिताड्यात) कधीच गाबोळी नसते, ८ किलोच्यात मात्र हमखास असते. असे का? आणि विकत आणलेले बी (माशाची पिल्ले) मांडवी नदीत सोडले तर चोणक वाढेल का? (एक वाचक, चोडण)

उत्तर : तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. चोणक आधी नर असतो, मग मादी होतो. साधारण ३-४ वर्षांचा झाला की तो नर म्हणून पिकतो. हंगामात त्याचे पोट हलके दाबा, दुधासारखे पांढरे पाणी येईल. पुढे ६ ते ८ वर्षांच्या सुमारास त्याच माशात अंडाशय तयार होते. जन्मापासून मादी असलेला चोणक क्वचितच. म्हणजे मोठाच मासा वेचून मारत राहिलो, तर नदीत नर उरतात आणि अंडी घालणारे कोणी उरत नाही. एका मोठ्या मादीच्या पोटात २० लाखांवर अंडी असू शकतात, हे कापताना आठवावे.

वीण खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात होते. लिटरला २८ ते ३२ ग्रॅम मीठ लागते. पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास, रात्री, भरती चढताना अंडी सोडली जातात आणि भरतीच ती आत आणते. अंडे मिलिमीटरभरही नसते, २४ तासांच्या आत फुटते. पिल्ले मग खारफुटीत आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) शिरतात. त्या दिवसांत मानशीच्या दारात बारीक आसाचे (छिद्रांचे) जाळे लावू नका.

बी सोडण्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे : सोडू नका. समजा, २ माद्या आणि ८ नरांपासून बी काढले. मासे १०, पण वंशाच्या हिशेबात (४ × माद्या × नर ÷ एकूण मासे) ४×२×८÷१० म्हणजे ६.४ माशांएवढेच. अशाने दर पिढीला जवळजवळ ८ टक्के जनुकीय वैविध्य जाते. परदेशी बी तर त्याहून वाईट. आग्नेय आशियातला आणि भारतातला चोणक जनुकांनी वेगळे आहेत. संकर झाला की परत निवडता येत नाही. तळ्यात खुशाल वाढवा, फक्त पावसात बांध फुटणार नाही एवढे बघा.

जनुकतपासणी करून घ्यायची असेल तर माशाच्या पराचा (पोहण्याच्या पंखाचा) तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए तुटतो. प्रत्येक माशानंतर कात्री पुसा. किमान ३० मासे हवेत, तेही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी धरलेले. एकाच तळ्यातले घेतले तर भावंडेच मोजली जातात आणि निकाल चुकतो.