चाचे, परवानाधारक आणि सरखेल

धुळ्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, कोकण किनाऱ्याच्या इतिहासावरील इंग्रजी लेखनात येणाऱ्या 'पायरेट' आणि 'प्रायव्हेटियर' या दोन्ही शब्दांसाठी मराठीत 'चाचे' लिहावे काय, आणि खानदेशात काकाला 'चाचा' म्हणतात त्याच्याशी या शब्दाचे नाते आहे काय.

नाते नाही. काका या अर्थाचा 'चाचा' हिंदी-उर्दूतून आपल्याकडे रुळला. समुद्रावरचा शब्द जुन्या मराठी छपाईत 'चांचा' असा अनुस्वारासह आढळतो.

पहिला प्रश्न अधिक मोलाचा आहे. कोणत्याही राजसत्तेच्या आज्ञेवाचून स्वतःच्या लाभासाठी जहाजे लुटतो तो चाचा. १६९५ मध्ये मक्केहून सुरतेस परतणारे 'गंज-इ-सवाई' हे मोगलांचे जहाज लुटणारा हेन्री एव्हरी या अर्थाने निःसंशय चाचा होता. प्रायव्हेटियरचे जहाज खाजगी मालकीचे असले, तरी युद्धकाळात शत्रूची जहाजे पकडण्याचा राजाचा लेखी परवाना त्याच्याकडे असे आणि लूट हीच त्याची कमाई असे, ही पद्धत १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने निषिद्ध ठरली. पगाराऐवजी लुटीवर जगत शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर फिरणारे पेंढारी आठवले, तर खानदेशातील वाचकाला ही व्यवस्था चटकन उमगेल. म्हणून प्रायव्हेटियरसाठी 'परवानाधारक लुटारू' लिहावे, असे माझे मत आहे. दोहोंमधील सीमा ओलांडणेही सोपे होते: विल्यम किड १६९६ मध्ये राजाचा परवाना घेऊन निघाला आणि १७०१ मध्ये चाचेगिरीसाठी लंडनला फासावर गेला.

कान्होजी आंग्रे यांना मात्र यांपैकी कोणताच शब्द लागू पडत नाही. ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, आणि छत्रपती शाहूंशी झालेल्या १७१३ च्या तहानंतर त्यांच्या वतीने किनारा सांभाळत होते. कान्होजींचे दस्तक, म्हणजे जहाज नेण्याचा परवाना, न घेणारी जहाजे ते पकडत, म्हणून इंग्रजांनी त्यांना 'पायरेट' म्हटले. पण पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' नावाचे परवाने घ्यायला लावून, ते नसलेली जहाजे जप्त करतच होते, आणि तो त्यांचा अधिकार समजला जाई. एकाच कृतीला एकाकडे कायदा आणि दुसऱ्याकडे गुन्हा म्हणणारी ही भाषा आपण अनुवादात निमूटपणे उचलू नये. मूळ इंग्रजी पत्राचा उतारा देताना 'चाचा' अवतरणचिन्हांत ठेवावा. स्वतःच्या निवेदनात 'सरखेल' किंवा 'मराठा आरमार' असेच लिहावे.