स्क्रीनशॉट खरा, पण आकडा चुकीचा

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की नागपुरात ५६ अंश तापमान दाखवणारा एक स्क्रीनशॉट आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा फिरू लागतो, तो बनावट समजावा का, असे आपण विचारले आहे. तो बनावट नाही, आणि म्हणूनच थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

३० मे २०२४ रोजी रामदासपेठेत, कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतातील हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्राने खरोखरच ५६ अंश सेल्सिअसची नोंद दाखवली होती. नेटवरची कोणतीही माहिती तपासताना आपण आधी 'हे सांगितले कोणी?' असे विचारतो. येथे त्याचे उत्तर निर्दोष मिळते, आणि तरीही आकडा चुकीचा होता.

शंका घ्यायला जागा होती ती शेजारच्या नोंदींमुळे. त्याच दिवशी सोनेगावच्या केंद्राने ५४ अंश दाखवले, पण वर्धा रोडवरील कापूस संशोधन संस्थेच्या आवारात आणि रामटेकला पारा ४४ अंशांच्या आसपासच होता. एकाच सपाट जिल्ह्यात दहा-बारा अंशांची तफावत दिसली, की हवेआधी यंत्राकडे पाहावे. शिवाय भारतातील उच्चांक राजस्थानातील फलोदीचा, १९ मे २०१६ रोजीचा ५१ अंश, आणि जगाचा मान्य उच्चांक अमेरिकेतील डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ रोजीचा ५६.७ अंश. आपला उन्हाळा कितीही कडक असला, तरी देशाचा विक्रम एका दुपारी पाच अंशांनी मोडत असेल, तर त्यासाठी एकाहून अधिक यंत्रांची साक्ष हवी. पुढे हवामान खात्यानेच सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे स्पष्ट केले. मात्र ५६ चा आकडा जितक्या घरांत पोहोचला, तितक्या घरांत हे स्पष्टीकरण पोहोचले नाही, याची मला खरोखर खंत वाटते. म्हणून जुनी बातमी समोर आली, की तिची तारीख पाहून त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत त्याच विषयावर काय छापून आले, हे मी आवर्जून शोधतो.

मोजमाप कसे झाले, हेही विचारावे. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत असतो. सीताबर्डीत दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर दिसणारा आकडा तापलेल्या गाडीचा असतो, शहराचा नव्हे. त्याचा फोटो कितीही स्पष्ट असला, तरी तुलना होऊ शकत नाही. मोबाइलवरील 'फील्स लाइक'चा आकडाही आर्द्रता आणि वारा धरून काढलेला अंदाज असतो, तापमापकावरील नोंद नव्हे.

ग्रुपवर तो स्क्रीनशॉट पुन्हा आला, तर 'फेक आहे' असे लिहू नका. ज्यांनी तो त्या दिवशी स्वतः पाहिला होता, ते तुमचेच म्हणणे खोटे ठरवतील. त्याखाली तारीख, रामटेकचा आकडा आणि सेन्सर बिघडल्याचे खात्याचे स्पष्टीकरण, एवढे लिहा.