कौल: मच्छिंद्रनाथांचा, गुरवाचा आणि छपरावरचा

प्रश्न असा आलाय: मच्छिंद्रनाथ 'कौल' मताचे आचार्य होते असं वाचलं. आमच्याकडे कोकणात ग्रामदेवीला कौल लावतात, तो शब्द यावरूनच आला का?

नाही. पण शंका रास्त आहे, दोन्हीकडे देवी आहेच ना!

मच्छिंद्रनाथांचा कौल संस्कृत, एका तांत्रिक पंथाचं नाव. शिवापासून शैव, तसं कुलापासून कौल. मात्र हे कुल म्हणजे आपलं कुळ-गोत्र नव्हे. त्या परिभाषेत कुल म्हणजे शक्ती, अकुल म्हणजे शिव. घरी ललितासहस्रनाम म्हणत असाल तर 'कुलाङ्गना कुलान्तस्था कौलिनी कुलयोगिनी' आणि लगेच पुढे 'अकुला' हे तुमच्या तोंडात बसलेलंच असेल. मत्स्येंद्रांच्या, म्हणजे मच्छिंद्रनाथांच्याच, नावावरचा ग्रंथ 'कौलज्ञाननिर्णय'. नेपाळातल्या पोथीवरून प्रबोधचंद्र बागचींनी तो १९३४ साली कलकत्त्यात छापून आणला. कामरूपात, म्हणजे आसामकडे, हे शास्त्र योगिनींच्या घरोघरी आहे, असं त्यात म्हटलंय. तिकडे काश्मीरात शैव आचार्य अभिनवगुप्त 'तंत्रालोका'च्या आरंभी ज्यांना वंदन करतात ते 'मच्छन्दविभु' हेच. मच्छन्द! आपल्या मच्छिंद्राच्या किती जवळचं रूप आहे बघा.

गुरवाचा कौल मात्र अरबी. मूळ अर्थ बोल, वचन. कव्वालीही त्याच घरची. शिवकाळात उजाड गावात रयत परत वसवायची तर आधी तिला कौल द्यावा लागे, म्हणजे सारा-सवलतीचं आश्वासन; ते कागदावर उतरलं की कौलनामा. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून उजवी पडते की डावी ते बघत बसतात, तेव्हा मागितला जातो तो देवीचा शब्द. निवडणुकीतला 'जनतेचा कौल' इथूनच आला.

वाक्यात ओळखायला सोपं आहे. 'कौल साधक', 'कौल मत' हे विशेषण. 'देवीनं कौल दिला' हा पुल्लिंगी. आणि 'माकडानं कौल फोडलं' हे नपुंसकलिंगी, छपरावरचं.

हे तिसरं 'कपाल'वरून आलेलं. संस्कृतात कपाल म्हणजे खापर, तसंच कवटीही. कवटी हाती घेऊन हिंडणारे तांत्रिक साधू ते कापालिक. तेव्हा तांत्रिकांशी सोयरीक शोधायचीच असेल, तर ती गुरवाच्या कौलाची नाही, डोक्यावरच्या मंगळुरी कौलाची निघते.