गुलमोहराच्या बुडाला आलेली चकचकीत बुरशी : फणसोंबा नाही, गॅनोडर्मा वाटतंय

ताई, तुमचा प्रश्न असा की जुळे सोलापुरात घरासमोरच्या गुलमोहराच्या बुडाशी, मातीला लागूनच, लालसर तपकिरी चकचकीत पंख्यासारखं काहीतरी आलंय, ते फणसोंबा, म्हणजे फणसाच्या खोडावर येणारी बुरशी, आहे का आणि शेजारचे काका म्हणतात तसं उगाळून औषधाला घ्यावं का. फोटो बघून मी गॅनोडर्मा म्हणेन, पण फोटो वरून काढलाय आणि खात्री खालच्या बाजूनंच होते.

सकाळी उजेडात मोबाईल जमिनीजवळ नेऊन खालून फोटो काढा. ताज्या गॅनोडर्माची खालची बाजू पांढरट असते, आपल्या नेहमीच्या अळंबीला असतात तशा पात्या नसतात, नीट बघितलं तर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. तिथं काडेपेटीच्या काडीनं हलकेच रेघ ओढा, ती थोड्या वेळात चॉकलेटी होते. वरून बोट फिरवलं तर कोको पावडरसारखी भुकटी लागते, ते बीजाणू, पुष्कळ जण धूळ समजून पुसून टाकतात आणि महत्त्वाची खूणच जाते. वरची चकाकी व्हार्निश मारल्यासारखी, नावसुद्धा त्यावरूनच आलंय, ग्रीकमध्ये गॅनोस म्हणजे चमक आणि डर्मा म्हणजे कातडी, कार्स्टन नावाच्या शास्त्रज्ञानं १८८१ साली ठेवलेलं.

फणसोंबा फणसाच्या खोडावर येतो, त्याला अशी चकाकी नसते, खालून आणि आतूनही तो तपकिरीच असतो. त्याच्या जातकुळीतली बुरशी आपल्याकडं बाभळीवर दिसते, काळपट, भेगाळलेली, घोड्याच्या खुरासारखी, आणि टणक इतकी की आपली कडक भाकरी मऊ वाटावी.

नेटवर शोधलं की लगेच 'गॅनोडर्मा लुसिडम' येतं, ते तेवढं लिहू नका. ते नाव १७८१ साली इंग्लंडमधल्या नमुन्याला दिलेलं, आपल्या उष्ण भागातल्या कितीतरी वेगळ्या जातींना तेच चिकटवलं गेलंय. औषधाला लावतात ती चीनमधली जातसुद्धा वेगळी निघाली, २०१२ मध्ये तिला लिंगझी असं स्वतंत्र नाव मिळालं. नेमकी जात ठरवायला मायक्रोस्कोप लागतो, बऱ्याचदा डीएनए पण. म्हणून काकांना आदरानं नाही म्हणा, जात माहीत नसलेली बुरशी उगाळून पोटात घ्यायची नाही.

आता मला खरी काळजी झाडाची वाटते. ही बुरशी मुळं आणि बुंधा आतून कुजवते, लाकूड पांढरट, स्पंजासारखं होतं, आणि वर पानं हिरवीगार, फुलंही येतात. आमच्या गल्लीत पाइपसाठी चर खणताना गुलमोहराची एका बाजूची मुळं तोडली, काही वर्षांनी बुडाला असेच पंखे आले, आम्ही दरवेळी तोडून टाकत राहिलो आणि मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात झाड मुळासकट दोन गाड्यांवर आडवं झालं. मुळं हातानं चुरगळत होती. पंखा तोडून काही होत नाही हो, ते नुसतं फळ, बुरशीचे धागे आत लाकडात पसरलेले असतात.

तेव्हा बुंध्यावर लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून बघा, कुठं पोकळ आवाज येतोय का. आला नाही तरी महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या, शहरात १९७५ च्या वृक्ष कायद्यानं परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि कदाचित फांद्यांचा भार कमी करूनही भागेल. तोवर खाली गाडी लावू नका, पोरांनाही खेळू देऊ नका. आणि खालच्या बाजूचा फोटो टाका, काडीच्या रेघेसकट.