वाचकांचे प्रश्न : शटडाऊनची तारीख कशी ठरते?

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. भार प्रेषण केंद्रात आउटेज शेड्युलिंगच्या जागेसाठी तिला अर्ज करायचा आहे. या माणसाचं काम नेमकं काय असतं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : भार प्रेषण केंद्र म्हणजे विजेचं जाळं चोवीस तास सांभाळणारी कचेरी. लाईन, ट्रान्स्फॉर्मर, बस (अनेक लाईनी जिथं एकत्र जोडतात तो वाहक), ब्रेकर (मोठा स्विच) किंवा रिअॅक्टर (चढलेलं व्होल्टेज खाली आणणारं उपकरण) यांपैकी काहीही दुरुस्तीला घ्यायचं झालं, की ते कोणत्या दिवशी आणि किती तास बंद ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात उरलेलं जाळं तग धरेल का, हे या माणसाला सांगावं लागतं. एप्रिल ते मार्च असा वर्षाचा आराखडा प्रादेशिक वीज समितीत आधीच मंजूर होतो. दर महिन्याच्या बैठकीत त्याची पुन्हा छाननी होते. मग ठरलेल्या दिवसाच्या तीन दिवस आधी अर्ज पक्का करायचा. राज्याबाहेर जाणाऱ्या लाईनींसाठी गोव्याला मुंबईच्या पश्चिम प्रादेशिक भार प्रेषण केंद्राची परवानगी लागते. त्या दिवशी लाईन उघडताना आणि परत चार्ज करताना (म्हणजे तिच्यात वीज सोडताना) केंद्राकडून परवानगीचा कोड क्रमांक मिळाल्याशिवाय कोणी ब्रेकरला हात लावत नाही.

पण तारखा जुळवणं हा कामाचा सोपा भाग. ‘लाईन मेंटेनन्स, ८ तास’ एवढंच लिहून आलेला अर्ज तिला परत पाठवता आला पाहिजे. कोणत्या टॉवरवर काम आहे? कोणत्या बाजूचे आयसोलेटर (लाईन तुटलेली डोळ्यांना दिसेल असे स्विच) उघडणार? कंडक्टर खाली उतरवणार की नुसती पिन बदलणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं : मध्येच लाईनची गरज पडलीच, तर किती वेळात परत द्याल? इन्सुलेटरची माळ अर्धी सोडलेली असेल, तर ‘अर्ध्या तासात’ हे उत्तर खोटं आहे. तिथं ‘चार तास, तेही क्रू जागेवर असेल तर’ असंच लिहून घ्यावं.

प्रश्न : आमच्या कारखान्याला पोसणाऱ्या सबस्टेशनवर दोन ट्रान्स्फॉर्मर आहेत. एक दुरुस्तीला घ्यायला परवानगी मिळायला दोन महिने लागले. दुसरा तर चालू होता ना?
– एक उद्योजक, वेर्णा

उत्तर : आकड्यांत पाहू. समजा दोन्ही ट्रान्स्फॉर्मर १०० एमव्हीए क्षमतेचे आहेत आणि दुपारी प्रत्येकावर ६५ एमव्हीए भार आहे. एक काढला की दुसऱ्यावर १३० येतो. म्हणजे निदान ३० दुसरीकडे वळवावेत, शिवाय थोडी मोकळीक ठेवावी म्हणून ४० धरा. हे ४० एमव्हीए ३३ केव्हीच्या कोणत्या फीडरवरून (एकेका भागाला वीज पोसणाऱ्या लाईनीवरून), कोणत्या सबस्टेशनकडे जाणार आणि तिथला ट्रान्स्फॉर्मर ते झेलेल का, हे लोड फ्लो (कोणत्या वाटेवर किती भार येईल याचं गणित) चालवून पाहावं लागतं. हे जमलं तरी पुढचा प्रश्न राहतोच : आता उरलेला एकुलता ट्रान्स्फॉर्मर ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) तर? नेहमीच्या स्थितीत एखादा भाग गेला तरी बाकीचे ओव्हरलोड होता कामा नयेत, हा नियम. शटडाऊनमध्ये ही उशी आपण आपल्याच हातांनी काढून घेतलेली असते. म्हणून त्या तासांपुरती भार कमी करण्याची यादी आधीच तयार लागते : कोणता फीडर आधी, कोणता नंतर, आणि कशाला हात लावायचा नाही. बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि ओपाचा पाणी प्रकल्प शेवटच्या प्रकारात. ओपाचे पंप थांबले की फोंडा आणि तिसवाडीत नळ कोरडे पडतात. वीज परत आली तरी टाक्या भरायला वेळ लागतो, त्यामुळे पाण्याचा त्रास विजेच्या त्रासापेक्षा लांबतो.

दुसरं कारण, बाकीच्या वाटा. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते : कोल्हापूरहून म्हापशाजवळ कोलवाळला येणारी ४०० केव्ही लाईन, कर्नाटकातल्या आंबेवाडीहून फोंड्याकडे येणारी २२० केव्ही. यांपैकी एक बंद असताना तुमच्या ट्रान्स्फॉर्मरला परवानगी देणं आम्हीही योग्य मानणार नाही. ३० जुलै २०१२ ची पहाट आठवा. मध्य प्रदेशातल्या बीना–ग्वाल्हेर मार्गावरचं एक सर्किट (तारांचा एक संच) ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद होतं. इतरही लाईनी बंद होत्या. उरलेल्या ४०० केव्ही सर्किटवर भार इतका वाढला, की तिसऱ्या झोनच्या रिलेला (लांबवरचा बिघाड ओळखून लाईन तोडणाऱ्या उपकरणाला) तो भार फॉल्टसारखा, म्हणजे बिघाडासारखा दिसला आणि २ वाजून ३३ मिनिटांनी लाईन ट्रिप झाली. अख्खं उत्तर ग्रिड कोसळलं. लाईनवर प्रत्यक्षात काही बिघडलंच नव्हतं. म्हणून तुमचे दोन महिने गेले, ते वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न : वर्तमानपत्रात ‘सकाळी ९ ते दुपारी ३’ छापून येतं, वीज येते पाचला. हा निष्काळजीपणा नाही का?
– एक गृहिणी, म्हापसा

उत्तर : कधी कधी असतो. पण बहुतेक वेळा गणित सुरुवातीलाच चुकलेलं असतं. सहा तासांचा शटडाऊन म्हणजे सहा तास काम नव्हे. दोन्ही टोकांचे ब्रेकर उघडणं, आयसोलेटर उघडल्याची डोळ्यांनी खात्री करणं, व्होल्टेज नाही हे तपासणं, अर्थ लावणं (तार जमिनीशी जोडणं), परमिट (कामाची लेखी परवानगी) हातात देणं, यात पाऊण ते एक तास जातो. परतीला तेवढाच. एकाच टॉवरवर दोन सर्किट असतील आणि एक चालू असेल, तर बंद तारेतही इंडक्शननं (शेजारच्या चालू तारेच्या प्रभावानं) जीव घेण्याइतकं व्होल्टेज उतरतं. म्हणून टोकांच्या अर्थिंगबरोबरच कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना वेगळे अर्थ लावतात, आणि काढताना मोजतात : सहा लावले तर सहाच खाली आले पाहिजेत. एक वर राहिला आणि लाईन चार्ज केली, तर तो थेट शॉर्ट.

उशीर होण्याचं खरं ठिकाण परमिट. एका शटडाऊनवर तीन क्रू असतील तर तीन परमिट निघतात आणि ज्याच्या नावावर परमिट आहे, त्यानंच ते परत करायचं असतं. दोघे मोकळे, तिसरा झाडी तोडत दरीत, फोनला रेंज नाही. तो येईपर्यंत कोणीही चार्जिंग करू नये, आणि करतही नाहीत. उपाय नियोजनातच आहे : परमिट शक्य तितके कमी द्यावेत आणि जाहीर वेळेत परतीचा तास मोकळा धरावा.

प्रश्न : ऐन उकाड्यात, एप्रिल-मे महिन्यांतच एवढे शटडाऊन का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : किनाऱ्यालगत खारा वारा महिनोन्‌महिने इन्सुलेटरवर मीठ चढवतो. कोरडं असेपर्यंत ते निरुपद्रवी. जोराचा पाऊस ते धुऊन नेतो. धोका त्यांच्या मधल्या वेळी, पहिल्या रिपरिपीत किंवा पहाटेच्या दवात : मिठाचा थर ओला होतो, गळती करंट वाहतो आणि फ्लॅशओव्हर होतो (इन्सुलेटरवरून ठिणगी उडून वीज टॉवरकडे जाते). तेव्हा धुणं आणि फांद्या छाटणं पहिल्या सरीआधीच हवं. जूनमध्ये टॉवरवर माणूस चढवणं कठीण, आणि चवथीच्या दिवसांत तर शटडाऊन कोणी मागूही नये. उलट रिअॅक्टरचं काम मात्र उन्हाळ्यातल्या दुपारी भार चांगला असताना उरकावं. पावसाळी रात्री भार उतरतो, लाईनींचं व्होल्टेज चढतं आणि रिअॅक्टरची गरज नेमकी तेव्हाच असते.

प्रश्न : या कामासाठी काय शिकावं?
– एक विद्यार्थी, फर्मागुडी

उत्तर : लोड फ्लो आणि डिस्टन्स रिले (बिघाडाचं अंतर ओळखणारा रिले), दोन्ही हातानं सोडवता येतील इतके पक्के करा. सिंगल लाईन डायग्राम (जाळं एकेका रेषेत दाखवणारी आकृती) रोज काढा. आणि संधी मिळेल तेव्हा एक पूर्ण शटडाऊन स्विचयार्डमध्ये उभं राहून पाहा, पहिल्या कोडपासून शेवटचा अर्थ उतरेपर्यंत, हातात घड्याळ घेऊन.