अमेरिकेच्या वसाहती आणि साखरेवरची जकात

प्रश्न असा आहे की अमेरिका स्वतःच ब्रिटिशांशी लढून मोकळी झालेली, मग १८९८ मध्ये अचानक तिला हवाई, फिलिपिन्स, पोर्तो रिको का घ्यावंसं वाटलं, आणि तिचं साम्राज्य ब्रिटिशांसारखं का दिसत नाही. नेहमी मिळणाऱ्या उत्तरांत नौदल, गोऱ्यांचा अहंकार, पेपरवाल्यांनी पेटवलेलं युद्ध हे सगळं आलंय आणि त्यात चूक काही नाही. पण माझी तीसेक वर्षं साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली, त्यामुळे मी हा इतिहास वाचताना आधी जकात कोणी भरली आणि कोणाला माफ झाली ते बघतो, आणि खरं सांगतो, तसं बघितलं की बराच गोंधळ सुटतो.

पहिलं म्हणजे 'अचानक' वगैरे काही नव्हतं. १८५६ मध्येच अमेरिकेने कायदा केला होता की समुद्रात एखाद्या रिकाम्या बेटावर पक्ष्यांच्या विष्ठेचे थर सापडले, दुसऱ्या कोणाचा त्यावर ताबा नसला, तर अमेरिकन माणसाने त्यावर हक्क सांगावा, सरकार पाठीशी राहील. ती विष्ठा म्हणजे ग्वानो, तेव्हाचं सगळ्यात भारी खत. शेतीला खत हवं म्हणून बेटं, म्हणजे सुरुवातच किती व्यवहारी होती बघा.

आता हवाई, पॅसिफिक महासागरातली बेटं, तेव्हा वेगळं राज्य. १८७५ मध्ये तिथे कालाकौआ राजा होता आणि त्याने अमेरिकेशी करार केला: हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाणार, अमेरिकन माल हवाईत बिनजकात येणार, आणि राजाने आपलं कुठलंही बंदर तिसऱ्या देशाला द्यायचं नाही. बाकी जगाच्या साखरेला जकात आणि यांना माफ, म्हणजे जकातीएवढा पैसा सरळ मळेवाल्याच्या खिशात. मळेवाले कोण, तर बहुतेक अमेरिकन, त्यातले बरेच मिशनऱ्यांची पोरंनातवंडं. पंधरा वर्षांत साखर साधारण दहापट झाली, तोडणीला माणसं पुरेनात म्हणून चीन, जपान, पोर्तुगालकडची बेटं अशा ठिकाणांहून करारावर मजूर आणले. मुकादम, उचल, टोळ्या हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना वेगळं काही सांगायला नको.

पुढे १८८७ मध्ये कराराची मुदत वाढवताना अमेरिकेने हवाईतलं पर्ल हार्बर बंदर वापरायचा हक्क पदरात पाडून घेतला. त्याच वर्षी मळेवाल्यांच्या गटाने, हाताशी हत्यारबंद तुकडी ठेवून, राजाला नव्या राज्यघटनेवर सही करायला लावली. मतदानाला मालमत्तेची अट आली आणि मूळचे हवाईयन लोक मोठ्या संख्येने यादीतून बाहेर गेले. ती घटना अजूनही 'संगिनीची घटना' म्हणूनच ओळखली जाते.

आणि मग १८९० चा टॅरिफ म्हणजे जकातीचा कायदा, मांडणारे खासदार विल्यम मॅकिन्ले. त्याने सगळ्याच परदेशी कच्च्या साखरेवरची जकात काढून टाकली आणि देशातल्या उत्पादकाला पाउंडामागे २ सेंट अनुदान दिलं. हवाईवाल्यांचे धाबे दणाणले, कारण सूट सगळ्यांनाच मिळाली म्हणजे यांच्या सुटीची किंमत शून्य, आणि अनुदान मिळणार नाही कारण हवाई परदेश. मग देशातला उत्पादक व्हायचं तर करायचं काय? देशच बदलायचा! (सगळे मळेवाले असे नव्हते हेही सांगतो, काहींना विलीनीकरण नकोच होतं कारण अमेरिकेचा कायदा लागू झाला की करारावरचे मजूर आणता येणार नाहीत. साखर लॉबीत एकमत नसतं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.)

१८९१ मध्ये लिलिउओकलानी राणी झाली. तिने जानेवारी १८९३ मध्ये राजसत्तेचे आणि हवाईयन लोकांचे अधिकार परत आणणारी घटना काढायचं ठरवलं, तेव्हा मळेवाले आणि वकिलांच्या कमिटीने बंड केलं, आणि अमेरिकेचे तिथले राजदूत स्टीव्हन्स यांनी 'बॉस्टन' या अमेरिकन युद्धनौकेवरून दीडशेच्या वर सैनिक किनाऱ्यावर उतरवले. गोळी झाडायची वेळसुद्धा फारशी आली नाही. सातारा, नागपूर कसं खालसा झालं ते वाचलेल्या माणसाला यातला रेसिडेंट लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की नवे अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी लावली, हे चुकीचं झालं असं काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, लेखी कळवलं, विलीनीकरणाचा करार मागे घेतला, आणि तरी राणी परत गादीवर बसली नाहीच. १८९७ मध्ये २१ हजारांहून जास्त हवाईयन लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, विलीनीकरणाचा नवा करार सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांअभावी अडकला, मग १८९८ च्या जुलैमध्ये साध्या बहुमताचा संयुक्त ठराव करून बेटं घेतली. त्यावर सही करणारे अध्यक्ष कोण? तेच मॅकिन्ले.

स्पेनच्या ताब्यातल्या क्युबाचंही थोडं असंच, फक्त उलट्या बाजूने. १८९० मध्ये जकात गेली तेव्हा क्युबाची साखर जोरात चालली, १८९४ मध्ये अमेरिकेने ४० टक्के जकात परत बसवली आणि तिथलं अर्थकारण कोसळलं. १८९५ मध्ये स्पेनविरुद्ध बंड पेटलं. बंडाचं कारण फक्त साखर असं म्हणणं मूर्खपणा होईल, स्वातंत्र्याची लढाई तिथे तीस वर्षं जुनी होती, पण रिकाम्या हातांनी तिला बळ दिलंच. पुढे क्युबात 'मेन' या अमेरिकन युद्धनौकेचा स्फोट, १८९८ मध्ये अमेरिकेचं स्पेनशी युद्ध, चार महिन्यांत खेळ खलास. युद्धाआधी सिनेटर टेलर यांनी युद्धाच्या ठरावात 'आम्ही क्युबा गिळणार नाही' असं कलम घालून घेतलं. टेलर कोलोरॅडोचे, आणि कोलोरॅडोत तेव्हा साखरेच्या बीटची शेती मूळ धरत होती. क्युबा अमेरिकेत आलं की तिथली उसाची साखर बिनजकात येऊन बीटच्या साखरेशी भिडणार. तत्त्वही असेल हो, पण बीटही होतं.

त्याच युद्धातला ग्वामचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या स्पेनच्या बेटाचा, किस्सा राहवत नाही म्हणून सांगतो. अमेरिकन जहाजाने किल्ल्यावर तोफा डागल्या तर स्पॅनिश अधिकारी होडीतून येऊन माफी मागायला लागले, की तुम्ही सलामी दिलीत पण उलट सलामी द्यायला आमच्याकडे तोफेची दारू नाही. त्यांना युद्ध सुरू झालंय याचाच पत्ता नव्हता.

फिलिपिन्समध्ये मात्र हसण्यासारखं काही नाही. तिथल्या बंडाचे नेते अगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आणि डिसेंबरात पॅरिसमध्ये स्पेनने तो देश २ कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केला. फिलिपिनो लोकांना विचारलं कोणी? फेब्रुवारी १८९९ ला लढाई जुंपली. तीन वर्षांत चार हजारांवर अमेरिकन सैनिक गेले आणि सामान्य फिलिपिनो माणसं लढाई, उपासमार आणि कॉलऱ्याने किती मेली याचा आकडा दोन लाखांच्या आसपास धरतात. समार बेटावर दहा वर्षांवरचा प्रत्येकजण मारा असा हुकूम देणाऱ्या जनरल स्मिथला शिक्षा काय, तर ताकीद आणि निवृत्ती. अमेरिकेतही विरोध होता, लेखक मार्क ट्वेन, पोलादवाले उद्योगपती कार्नेगी यांच्यासारखे लोक उघड बोलत होते, पण मतपेटीत १९०० ला मॅकिन्लेच परत आले.

आता 'ब्रिटिशांसारखं का दिसत नाही' या उपप्रश्नाकडे. १९०१ चा एक खटला वाचा, डाउन्स विरुद्ध बिडवेल. पोर्तो रिको हे त्याच युद्धात स्पेनकडून घेतलेलं कॅरिबियन बेट; तिथून न्यूयॉर्कला संत्री आली, कस्टमने जकात लावली, व्यापारी म्हणाला बेट तुमचंच ना, मग आपल्याच देशात जकात कसली? कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे पण अमेरिकेचा भाग नाही. संत्र्यांवरून ठरलेली ही ओळ, आणि पोर्तो रिकोत राहणारा माणूस आजही राष्ट्राध्यक्ष निवडायला मत देऊ शकत नाही. इंग्रजांनीही १८९६ मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांसाठी साडेतीन टक्के अबकारी बसवली होतीच, पण आपण त्यांचा भाग आहोत की नाही असा प्रश्न तरी तिथे कोणाला पडत नव्हता.

आणि फिलिपिन्सला स्वातंत्र्य द्यायचं १९३४ मध्ये कसं काय ठरलं? फिलिपिनो नेते वर्षानुवर्षं मागत होतेच, पण मंदीत वॉशिंग्टनमध्ये जोर लावणाऱ्यांत बीटवाले शेतकरी होते, क्युबात पैसे गुंतलेले साखरवाले होते, आणि खोबरेल तेलाच्या मार्जरीनपुढे (नकली लोण्यापुढे) आपलं लोणी हरतंय म्हणून वैतागलेले दूधवाले होते. हा देश बाहेर गेला की त्याचा माल जकातीत येईल, एवढा साधा हिशेब. कायद्यात दहा वर्षांनी स्वातंत्र्य, तोपर्यंत बिनजकात साखरेला कोटा, आणि माणसांनाही कोटा, वर्षाला ५० फिलिपिनो. त्या पन्नासला अपवाद होता एकच, हवाई. तिथल्या धंद्यांना लागतील तेवढी माणसं आणायची मुभा ठेवली होती.