स्टोन टाउनमध्ये नकाशा खिशात ठेवा

टांझानियातल्या झांझिबार बेटावर दोन दिवस आहेत, सोबत सत्तरीची आई आहे. तिथल्या जुन्या शहराच्या, स्टोन टाउनच्या, गल्ल्यांत हमखास हरवायला होतं असं ऐकलंय, तर गाईड घ्यावा का आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे तीनदा जाऊन आलेय आणि तिन्ही वेळा पायीच फिरलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हरवायची भीती आधी मनातून काढा. जुनं शहर एका त्रिकोणी भूशिरावर वसलंय. दोन बाजूंना समुद्र आणि तिसऱ्या बाजूला क्रीक रोड. तिथे पूर्वी खरोखरच खाडी होती, ती बुजवून रस्ता केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला फार तर अर्धा तास. त्यामुळे कुठल्याही गल्लीने एकच दिशा धरून चालत राहिलात की शेवटी पाणी तरी लागतं, नाहीतर मोटारींचा रस्ता तरी. फोनवरच्या नकाशाचा भरवसा धरू नका. गल्ल्या इतक्या अरुंद आणि भिंती इतक्या उंच, की निळा ठिपका या घरावरून त्या घरावर उड्या मारत राहतो. पहिल्या खेपेला मी दोन तास त्या ठिपक्यामागे फिरले आणि शहर पाहायचं राहूनच गेलं.

सुरुवात बहुतेक जण समुद्राकडून करतात. मी म्हणेन, क्रीक रोडच्या बाजूने, दराजानी बाजारापासून करा, तीही सकाळी लवकर. दुपारी मासळीचा वास आणि ऊन दोन्ही आईंना सोसणार नाही. चालताना जागांच्या नावांकडे लक्ष द्या. स्वाहिलीत शेवटचा 'नी' म्हणजे आपला 'पाशी'. दराजा म्हणजे पूल, म्हणून दराजानी. फोरोधा म्हणजे जकात, म्हणून धक्क्यावरची बाग फोरोधानी. आणि बाजाराला लागूनच म्कुनाझिनी, म्हणजे बोरीच्या झाडापाशी. हे कळलं तेव्हा मला एकदम बोरीबंदर आठवलं. बंदरालाही तिथे 'बंदारी'च म्हणतात.

म्कुनाझिनीतच अँग्लिकन कॅथेड्रल आहे. गाईड घ्यायचा असेल तर इथे घ्या, बाकी कुठे गरज नाही. इथे गुलामांचा बाजार भरायचा. 1873 मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली सुलतान बर्गाशने तो बंद केला आणि त्याच जागेवर चर्च उभं राहिलं. ज्या खांबाला बांधून माणसांना फटके मारत, त्याच्या जागी आज वेदी आहे. बाहेर आवारात एका खड्ड्यात पाच दगडी माणसं उभी आहेत, गळ्यात साखळ्या. क्लारा सोर्नास या शिल्पकर्तीचं 1998 चं काम. त्या साखळ्या खऱ्या, त्या काळातल्या आहेत. इथे घाई करू नका आणि इथून निघाल्यावर लगेच दुसरं काही 'बघायला' जाऊ नका. थोडा वेळ नुसतं चाला.

मग हुरुम्झी, किपोंडा या भागांत शिरा. खरं शहर इथे आहे. दारं पाहा. चौकटीवरची पट्टी आडवी सरळ, तिच्यावर कुराणातली वचनं कोरलेली, ते अरबी वळणाचं दार. वर कमान आणि फळ्यांवर पितळी टोकदार खिळे दिसले तर ते बहुधा भारतीय वळणाचं. शनिवारवाड्याच्या दरवाजावर हत्ती अडवायला खिळे आहेत. इथे हत्ती कधी येणार नव्हते, पण व्यापाऱ्यांसोबत खिळे मात्र समुद्र ओलांडून आले. घरं प्रवाळी दगड आणि चुन्याची. छताला खारफुटीचे वासे, आणि त्या वाशांची लांबी बेताची, म्हणून खोल्या लांबट आणि चिंचोळ्या. आत डोकवायची संधी मिळाली तर हे नक्की पाहा.

आणि ओटे! घराघराच्या भिंतीला लागून दगडी ओटा असतो, त्याला 'बराझा' म्हणतात. दुपारभर तिथे गप्पा, कॉफी आणि पटावरचे खेळ चाललेले असतात. पावसाचं पाणी गल्लीत भरलं की लोक त्यावरूनच चालतात. झांझिबारच्या विधिमंडळाच्या नावातही हाच शब्द आहे, बराझा. आईंना दमल्यासारखं वाटलं की बेलाशक बसू द्या, फक्त आधी हसून विचारा.

समुद्राकाठचा बेत अल-अजैब हा बर्गाशचा 1883 चा महाल. 2020 च्या डिसेंबरमध्ये त्याचा एक भाग कोसळला, तेव्हा तो बाहेरूनच पाहायचा असं धरून चला. हा बर्गाश गादीवर येण्याआधी, 1859 च्या बंडानंतर, मुंबईत हद्दपारीत राहिला होता. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं घर म्हणून एक जागा दाखवतात. जन्म इथला, शाळा पाचगणीची, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

संध्याकाळी फोरोधानीला जा. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. पोरं धक्क्यावरून समुद्रात उड्या मारतात, खाण्याच्या गाड्या लागतात. उरोजो नक्की खा. आंबट पातळ रश्श्यात भजी, बटाटे आणि चटणी, आपल्या जिभेला अगदी ओळखीचं.

दोन गोष्टी सांभाळा. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. आणि वेळ विचारलीत तर ती सूर्योदयापासून मोजलेली असू शकते. 'सा न्ने', चार वाजता, म्हणजे आपले सकाळचे दहा. फेरीबोटीची वेळ दोनदा विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका. त्याच गल्ल्यांत उन्हं कलल्यावर पुन्हा जा. वाटेत एखादा पोरगा आईंना 'शिकामू' म्हणेल. वडीलधाऱ्यांना करायचा तो नमस्कार, अर्थ साधारण 'तुमचे पाय धरतो' असा. उत्तर 'मराहाबा'. आईंना तेवढं आधीच शिकवून ठेवा.